औषध तेच, वेष्टन वेगळं

२०२१च्या मे महिन्यात माझ्या थोरल्या भावाला अ‍ॅम्फोटेरिसिन बी हे बुरशीवरचं एकच औषध दोन रूपांत दिलं गेलं. आधी साधं, नंतर लायपोसोमल, म्हणजे चरबीच्या अतिसूक्ष्म गोळीत बसवलेलं. दोन्हींतला रेणू एकच, पिवळा रंगही तोच. पहिल्या रूपाने त्याच्या किडन्या आठवड्याभरात जेरीस आणल्या. दुसरं रूप पाचपट मात्रेत दिलं, तरी त्याच किडन्या सावरायला लागल्या. मी रबाळ्याच्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे. कणांचा आकार मोजणं हे माझं रोजचं काम. पण त्या आकड्याचा एखाद्या माणसाच्या रक्तात, लघवीत, हुडहुडीत काय अर्थ होतो, ते मी पहिल्यांदा ठाण्यातल्या त्या वॉर्डात पाहिलं. म्युकरच्या, म्हणजे काळ्या बुरशीच्या, त्या दिवसांचं बोलणं निघालं की लोक टंचाई आणि किमतीबद्दल बोलतात. मला त्या व्हायलमध्ये काय होतं, त्याबद्दल लिहायचं आहे.

दादा नौपाड्यात राहतो, मी ऐरोलीला. त्याला मधुमेह जुना. एप्रिलच्या लाटेत त्याला कोविड झाला. रॅपिड अँटिजेनच्या पट्टीवर लाल रेघ उमटली तेव्हा घरात सगळ्यांचे चेहरे उतरले. त्या पट्टीवरची लाल रेघ बहुधा सोन्याच्या नॅनोकणांची, म्हणजे अतिसूक्ष्म कणांची असते. सोनं इतकं बारीक झालं की ते पिवळं न दिसता लाल दिसतं. निदानात नॅनोकण इतक्या स्वस्तात, इतक्या घराघरांत पोचलेले मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. पुढे ऑक्सिजन लागला, डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड लागलं, आणि त्याने साखर चारशेच्या वर गेली. तरी तो बरा होऊन घरी आला. आम्हाला वाटलं, सुटलो.

मेच्या सुरुवातीला त्याचा उजवा गाल बधिर वाटायला लागला. वरच्या दाढा हलतात म्हणाला. नाकाची उजवीकडची बाजू बंद, डोकंही त्याच बाजूने ठणकायचं. एका सकाळी वहिनीचा फोन आला, "अगं, ह्यांचा डोळा मला बरा दिसत नाही. पापणी सुजली आहे आणि नाकातून काळपट काहीतरी येतंय." त्याच दिवशी ईएनटीकडे नेलं. डॉक्टरांनी नाकातून दुर्बीण घातली, आतला थोडा काळा पडलेला भाग काढून तपासणीला पाठवला. संध्याकाळी केओएचचा, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी शोधण्याच्या चाचणीचा, रिपोर्ट आला: रुंद, मधे पडदे नसलेले, काटकोनात फाटे फुटलेले तंतू. म्युकर.

ही बुरशी मातीत, कुजलेल्या पानांत, सडक्या फळांत असते. तिचे बीजाणू आपण सगळे रोज श्वासातून आत घेतो आणि आपल्याला काही होत नाही. पण साखर खूप वाढलेली आणि स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती दबलेली असली, की ती सायनसमध्ये रुजते. रक्तवाहिन्यांमध्ये शिरते, आत गुठळ्या करते आणि पुढच्या भागाचं रक्त तोडते. तो काळा रंग बुरशीचा नसतो, रक्तावाचून मेलेल्या मांसाचा असतो. डॉक्टरांनी हे वहिनीला कागदावर चित्र काढून समजावलं. "जिथे रक्त पोचत नाही तिथे औषधही पोचत नाही. म्हणून आधी मेलेलं सगळं काढायचं, मग औषध." पुढे मी लायपोसोमचं जे कौतुक करणार आहे, त्याला ही मर्यादा कायम लागू आहे. कितीही चांगलं वाहन केलं, तरी रस्ता म्हणजे रक्तच.

ऑपरेशनमध्ये उजव्या बाजूचा वरचा जबडा आणि टाळूचा काही भाग गेला. डोळा राहिला.

ऑपरेशननंतरच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन बी, किलोमागे ५ मिलिग्रॅम, रोज. दादाचं वजन ७० किलो. म्हणजे दिवसाला ३५० मिलिग्रॅम, आणि एका व्हायलमध्ये ५० मिलिग्रॅम. रोजच्या सात व्हायल, किती आठवडे ते सांगता येत नाही. एकेक व्हायल पाच-सात हजारांच्या घरात. आणि पैसे असूनही मिळत नव्हतं.

त्या दिवसांत प्रत्येकाच्या फोनवर निरोप फिरत होते, "अँफो बी उपलब्ध, संपर्क करा." भाचा एकामागून एक नंबर लावायचा आणि मला विचारायचा, "आत्या, हे घेऊ का?" मी प्रत्येक वेळी डब्याचा फोटो मागवायला सांगायचे. कारण अ‍ॅम्फोटेरिसिन बी या नावाखाली बाजारात निदान चार वेगळी औषधं होती: साधं म्हणजे डीऑक्सिकोलेट, लायपोसोमल, लिपिड कॉम्प्लेक्स आणि लिपिड इमल्शन. व्हायलवरचा ५० मिलिग्रॅमचा आकडा बहुतेकांवर सारखाच. पण मात्रा सारखी नाही. लायपोसोमल किलोमागे पाच देतात, साधं किलोमागे एक. गोंधळात साधं औषध लायपोसोमलच्या मात्रेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं, माणूस दगावू शकतो. निरोप पाठवणारे भलेपणानेच पाठवत होते, पण "अँफो बी" एवढंच लिहिलेला निरोप अपुरा होता आणि तो अपुरेपणा जिवावर बेतणारा होता. आमच्या हाती आलेल्या एका फोटोत तर कंपनीचं नाव ठळक होतं आणि प्रकार इतक्या बारीक अक्षरात, की मोठा करून वाचावा लागला. डीऑक्सिकोलेट होतं.

लायपोसोमल मिळेपर्यंत वाट पाहायला बुरशी थांबणार नव्हती. डॉक्टरांनी आम्हाला बसवून स्पष्ट सांगितलं, "साधं सुरू करतो. किडनीला त्रास होईल, हे धरून चला. पण सुरू करायलाच हवं." वहिनीने सही केली.

पहिल्या दिवशी आधी फक्त एक मिलिग्रॅमचा टेस्ट डोस, मग बाकीचा. औषधाआधी किडनी भरलेली राहावी म्हणून साधं सलाइन. मग पॅरासिटामॉल आणि एव्हिल हे अ‍ॅलर्जीवरचं औषध. मग पिवळी बाटली, उजेड लागू नये म्हणून गुंडाळलेली, सहा तास थेंब थेंब. तासाभरात दादाला हुडहुडी भरली. मे महिन्यातलं ठाणं, पंख्याखालीही घाम निथळत होता, आणि तो गोधडी मागत होता. दात वाजत होते, आणि वरच्या जबड्याला नुकतेच टाके घातलेले. वहिनी त्याचे पाय धरून बसली होती. थंडी ओसरली की ताप चढायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. जुने डॉक्टर या औषधाला किती घाबरतात ते मी ऐकलं होतं, पण बघणं वेगळं.

रोज सकाळी रक्त घ्यायचे. पोटॅशियम घसरत २.७वर आलं. सिरप सुरू झालं. त्याची चव इतकी वाईट, की टाळू नसलेल्या तोंडात नळीवाटे दिलं तरी त्याला उमासे यायचे. मॅग्नेशियमही घटलं. आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बिघडली की रक्तात वाढणारा आकडा, ०.९वरून चढत चढत आठवड्याच्या शेवटी २.४वर गेलं.

हे का होतं, ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. अ‍ॅम्फोटेरिसिन १९५०च्या दशकात व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या एका जिवाणूपासून मिळालं. बुरशीच्या पेशीच्या पटलात एर्गोस्टेरॉल नावाचा घटक असतो. हा रेणू त्याला पकडतो, पटल फुटकं होतं, आतले क्षार बाहेर गळतात आणि बुरशी मरते. आपल्या पेशींच्या पटलात एर्गोस्टेरॉल नसतं, कोलेस्टेरॉल असतं. दोघांची ठेवण मात्र बरीच सारखी. औषधाची पकड कोलेस्टेरॉलवर सैल असते, पण असते. किडनीच्या बारीक नलिकांच्या पेशी त्यात सापडतात, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम लघवीतून वाहून जातं, किडनीकडे येणाऱ्या रक्तवाहिन्याही आवळतात. म्हणजे औषध बुरशीला जे करतं, तेच थोडं थोडं दादालाही करत होतं.

आता गंमत बघा. अ‍ॅम्फोटेरिसिन पाण्यात विरघळतच नाही. साध्या इंजेक्शनमध्ये ते डीऑक्सिकोलेट या पित्तक्षाराच्या मदतीने पाण्यात तरंगत ठेवलेलं असतं, आणि तेही अगदी बारीक, नॅनोमीटरमध्ये मोजावेत अशाच कणांच्या रूपात. म्हणजे बारीक तर साधंही होतं! फरक असा, की रक्तात शिरताच ही जुळणी सुटते आणि रेणू मोकळा होऊन वाटेल तिथे जातो. लायपोसोममध्ये तो सुटत नाही. सोया लेसिथिनपासून केलेलं फॉस्फोलिपिड (पेशींच्या पटलात असते तशी चरबी), कोलेस्टेरॉल आणि ऋण भाराचं आणखी एक फॉस्फोलिपिड मिळून शंभर नॅनोमीटरहून लहान गोळी बनते आणि अ‍ॅम्फोटेरिसिन तिच्या भिंतीत रुतून बसतं. लोकांना वाटतं, औषध आतल्या पोकळीत भरलेलं असतं. कर्करोगाच्या डॉक्सोरुबिसिनच्या लायपोसोममध्ये ते तसंच असतं. इथे मात्र ते मोदकातल्या सारणासारखं आत नाही, पारीतच मळलेलं आहे. भिंतीत कोलेस्टेरॉल आहेच, ते औषधाला धरून ठेवतं. ही गोळी रक्तात शाबूत फिरते, यकृत आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी ती उचलतात, किडनीत मोकळं औषध कमी पोचतं. बुरशीची भिंत भेटली की तिला चिकटते आणि तिथे औषध सुटतं. एर्गोस्टेरॉलची ओढ कोलेस्टेरॉलपेक्षा जास्त, म्हणून.

माझ्या मते नॅनो औषधाचं सार लहानपणात नाही, टिकून राहण्यात आहे. योग्य जागी पोचेपर्यंत गोळी फुटली नाही पाहिजे, एवढंच. आमच्या वॉर्डातली पुढची सगळी धावपळ, बर्फाची पेटी, ग्लुकोजचं सलाइन, व्हायल हलवण्याची पद्धत, हे सगळं त्या एका गोष्टीसाठी होतं.

औषध मिळत का नव्हतं? भाचा चिडून विचारायचा, "एवढ्या कंपन्या आहेत देशात, रात्रंदिवस करून का देत नाहीत?" या औषधाची देशातली एरवीची एक गरज वाळूमाशीमुळे पसरणाऱ्या काळा आजारासाठी, मुख्यतः बिहारमध्ये. तिथे रुग्णाला किलोमागे १० मिलिग्रॅमचा एकच डोस पुरतो. पन्नास किलोच्या माणसाला दहा व्हायल, आयुष्यात एकदा. दादाला तेवढ्या दीड दिवसात लागत होत्या. एरवीच्या थोड्या गरजेवर उभा असलेला धंदा एका महिन्यात कितीही ताणला तरी किती ताणणार? त्यातून लायपोसोम करणं म्हणजे पावडर भरून बूच लावणं नव्हे. ठरावीक लिपिड लागतात, ती जगात मोजकेच लोक करतात. ती औषधाबरोबर मिसळायची, दाबाखाली पुन्हा पुन्हा बारीक करायची, आकार मोजायचा, ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून निर्जंतुक गाळायची, गोठवून सुकवायची. शेवटी निर्जंतुकतेची चाचणी, तिलाच चौदा दिवस लागतात. जंतू वाढतात की नाही हे बघायला जो वेळ लागतो तो लागतोच. आमच्याच खात्यातल्या मुली त्या महिन्यात दुपारच्या डब्यालाही वेळेवर उठत नव्हत्या. मी भाच्याला हे सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, राग काही गेला नाही. बाप आत पडलेला असताना कोणाचा जाईल?

मग वाटपाची पद्धत बदलली. खुल्या बाजारातून नाही, तर रुग्णालयाने मागणी जिल्ह्याकडे कळवायची आणि साठा रुग्णालयाच्या नावावर यायचा. रुग्णाचं नाव, वजन, रिपोर्ट, ऑपरेशनचे कागद रोज पाठवायचे. आमच्या रुग्णालयातला फार्मासिस्ट एक शांत मुलगा होता. कोणाला किती दिल्या याची वही तो सगळ्या नातेवाइकांसमोर उघडी ठेवायचा. रिकाम्या व्हायलही परत घ्यायचा. चार रुग्णांच्या मागणीवर एकाच्या पुरतं औषध आलं, तर कोणाच्या डोळ्यापर्यंत बुरशी गेली आहे, कोणाचं क्रिएटिनिन वाढलं आहे हे बघून डॉक्टर वाटणी करायचे. ती वाटणी करताना त्यांचे चेहरे बघवत नव्हते.

दादाची किडनी ढासळल्यावर त्याचं नाव वर आलं. साठा भिवंडीजवळच्या एका गोदामातून उचलायचा होता, आणि तो दिवस नेमका १७ मे. तौक्ते वादळ मुंबईच्या किनाऱ्याजवळून जात होतं. ठाण्यात झाडं पडत होती, पाऊस आडवा लागत होता. रुग्णालयाच्या माणसाबरोबर मी गाडीत बसले, कारण पेटी माझी होती. डब्यावर छापलेलं होतं: दोन ते आठ अंश सेल्सिअस, गोठवू नये. फ्रीझरमधून काढलेला जेल पॅक तसाच व्हायलला टेकवला तर व्हायल शून्याखाली जाते. म्हणून पॅक बाहेर ठेवून त्यांना घाम फुटू द्यायचा, आतलं पाणी हलवल्यावर डुचमळायला लागलं की मगच पेटीत, आणि मधे पुठ्ठा. सोबत तापमापी. आमच्याकडे लशी नेणारेही असंच करतात. माजिवड्याला गाडी बराच वेळ अडकली. मी सारखी झाकण उघडून बघत नव्हते. तापमापीची तार बाहेर काढून ठेवली होती, पाच अंशांवर काटा स्थिर होता. संध्याकाळी पेटी फार्मासिस्टच्या हातात दिली तेव्हा त्याने आधी आकडा पाहिला, वहीत लिहिला, मग व्हायल मोजून फ्रिजमध्ये ठेवल्या.

त्या रात्री वॉर्डातल्या सिस्टरनी पहिला लायपोसोमल डोस तयार केला. मी काचेबाहेरून बघत होते. प्रत्येक व्हायलमध्ये बारा मिलिलिटर इंजेक्शनचं पाणी, सलाइन अजिबात नाही. लगेच जोरात अर्धा मिनिट हलवायचं, आत पिवळं दुधाळसर पाणी दिसेपर्यंत, तळाशी कण राहता कामा नये. मग पाच मायक्रॉनच्या गाळणीतून सिरिंजने डेक्स्ट्रोजच्या, म्हणजे ग्लुकोजच्या, बाटलीत. लायपोसोम या गाळणीतून सहज जातात, अडकतात ते न सुटलेले गोळे.

बाटलीवरचं नाव वाचून वहिनी घाबरली. "साखरेच्या माणसाला साखरेचं सलाइन? ह्यांची साखर वाढल्यानेच तर हे सगळं झालं ना?" तिचा प्रश्न अगदी रास्त होता. सिस्टरनी तिला उत्तर दिलं, मी पुढे थोडं समजावलं. मिठाच्या पाण्यात हे औषध साखळतं, कण एकमेकांना चिकटतात, आणि मग ती नॅनो गोळी नॅनो उरतच नाही. म्हणून ग्लुकोजच. पाचशे मिलिलिटर पाच टक्के डेक्स्ट्रोज म्हणजे पंचवीस ग्रॅम ग्लुकोज, तेवढ्यासाठी डॉक्टरांनी इन्सुलिन वाढवून ठेवलं होतं. सलाइनची नळीही आधी डेक्स्ट्रोजने धुतली, औषध संपल्यावर पुन्हा डेक्स्ट्रोजने. त्या नळीत मिठाचा थेंबही राहू द्यायचा नाही, हे त्या सिस्टर प्रत्येक पाळीच्या नव्या सिस्टरला सांगून जायच्या. इतक्या गर्दीत, पीपीई किटमध्ये घामाने भिजलेल्या अवस्थेत त्या हे पाळत होत्या. प्रयोगशाळेत आम्ही आकार जपण्यासाठी जे काही करतो, ते सगळं शेवटी यांच्या हातावर अवलंबून असतं.

औषध सुरू झालं आणि पहिल्या काही मिनिटांतच दादाने कमरेला हात लावला. पाठ आणि छाती आवळल्यासारखी झाली, चेहरा लाल झाला. सिस्टरनी लगेच थेंब बंद केले, एव्हिल दिलं, थोड्या वेळाने अगदी सावकाश पुन्हा सुरू केलं. लायपोसोमल औषधाची ही माहीत असलेली प्रतिक्रिया आहे, आणि ती आलीच तर बहुधा सुरुवातीलाच येते. वेष्टनाचेही स्वतःचे त्रास असतात. पण त्यानंतर दोन तासांत बाटली संपली आणि हुडहुडी आली नाही. ताप आला नाही. वहिनीने गोधडी उशाशी आणून ठेवली होती, ती तशीच घडी घातलेली राहिली.

सुरुवातीला पूर्ण सात व्हायल रोज मिळाल्या नाहीत. काही दिवस चार-पाचवर भागवलं. जूनमध्ये पुरवठा सुधारला, १२ जूनला जीएसटी परिषदेने या औषधावरचा करही शून्यावर आणला. आमचं बरंचसं बिल त्याआधीच झालं होतं. राज्याच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेत म्युकर घेतलं होतं, पण आमचं रुग्णालय त्या यादीत नव्हतं. ज्यांना योजना लागू झाली, त्यांची घरं वाचली हे मी जवळून पाहिलं.

क्रिएटिनिन मात्र मी रोज बघत होते. २.४. मग २.५, आणि मला धडकी भरली. मग २.१. मग काही दिवस तिथेच. मग १.८. पूर्ण मात्रेवर, म्हणजे साध्या औषधाच्या पाचपट अ‍ॅम्फोटेरिसिन रोज रक्तात जात असताना, हा आकडा उतरत होता. पोटॅशियमचं सिरप चालूच होतं, ते थांबलं नाही. लायपोसोमने किडनी पूर्ण सुरक्षित होते असं नाही. पण ही उतरण मी आयुष्यात विसरणार नाही. कागदावरचा कणांचा आलेख आणि माणसाच्या लॅब रिपोर्टचा आकडा यांचा संबंध इतका उघडपणे दिसण्याचा योग आमच्या धंद्यात क्वचितच येतो.

याच काळात मला परळच्या केईएम रुग्णालयाची आठवण यायची. लायपोसोमची कल्पना इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक बँगम यांच्या १९६०च्या दशकातल्या कामातून आली आणि अमेरिकेत लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिनला १९९७ मध्ये परवानगी मिळाली, हे आमच्या प्रशिक्षणात सांगतात. पण केईएमच्या डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी १९९३ मध्येच लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिनची पद्धत विकसित करून पेटंट घेतलं होतं, हे नव्या मुलांना माहीत नसतं. महापालिकेच्या रुग्णालयात, आपल्या रुग्णांना परवडावं म्हणून झालेलं काम. देशी पद्धतीच्या एका तयारीला तर वापरायच्या आधी ध्वनिलहरींच्या यंत्रात हलवून कण बारीक करून घ्यावे लागतात. अवघड मार्ग, पण आपल्या हातातला. मी हे दादाला सांगितलं तेव्हा तो पाटीवर लिहून उत्तरे द्यायचा. त्याने लिहिलं, "ठाण्याहून पुढे परळच."

उपचारांत मध्येच व्हायलची कंपनी बदलायची. फार्मासिस्ट विचारायचा, "मॅडम, चालेल ना?" चालवायलाच लागणार होतं. तरी मी डॉक्टरांना दर वेळी सांगायचे, की नव्या कंपनीचा पहिला डोस सावकाश जाऊ द्या. साध्या गोळीचं जेनेरिक करणं आणि लायपोसोमचं करणं यांत फार अंतर आहे. रेणू तोच असून भागत नाही. आकार, भिंतीची घडण, औषध सुटण्याचा वेग, सगळं जुळावं लागतं. डॉक्सोरुबिसिनचं लायपोसोमल रूप अमेरिकेत १९९५ मध्ये आलं आणि त्याचं पहिलं जेनेरिक तिथे मंजूर झालं ते २०१३ मध्ये, आपल्या सन फार्माचं. डॉक्टरांनी माझं म्हणणं ऐकलं. एका बदलाच्या वेळी दादाला पुन्हा पाठीत आवळून आलं, पण थेंब सावकाश होते म्हणून निभावलं.

जूनच्या शेवटाकडे एमआरआयमध्ये नवं काही दिसलं नाही, आणि इंजेक्शन थांबवून पोसाकोनॅझोल या बुरशीवरच्याच औषधाच्या गोळ्या सुरू झाल्या. रोज ३०० मिलिग्रॅम, जेवणाबरोबर. त्या किती महिने चालल्या ते दादापेक्षा वहिनीला नीट आठवतं. टाळूच्या जागी दंतवैद्याने प्लेट बसवून दिली. प्लेट बसवली की बोलणं कळतं, काढली की शब्द नाकात जातात. पहिल्यांदा ती बसवल्यावर त्याने वरणभात खाल्ला आणि नाकातून काही आलं नाही, तेव्हा सगळं घर रडलं.

क्रिएटिनिन १.३वर येऊन थांबलं आहे. त्याच्या खाली जात नाही. किडनीचे डॉक्टर म्हणतात, साध्या औषधाच्या त्या आठवड्याचा त्यात वाटा आहे. तरी तो आठवडा चुकला असं मी कधी म्हणणार नाही. लायपोसोमल हातात नसताना त्या सहा सहा तासांच्या पिवळ्या बाटल्यांनीच बुरशी डोळ्याच्या अलीकडे धरून ठेवली. आता दर सहा महिन्यांनी रक्त तपासायचं, साखर काबूत ठेवायची आणि गुडघा कितीही दुखला तरी ब्रुफेनसारखी गोळी परस्पर घ्यायची नाही. हे शेवटचं वहिनीने घरातल्या औषधांच्या डब्याच्या झाकणावर लिहून चिकटवलं आहे, आणि दर वेळी नव्या डॉक्टरांकडे जाताना दादाच्या फाइलवर पहिल्या पानावर तीच ओळ लाल शाईत असते.